नवीन पिल्लाला शी-शूची सवय: पहिल्या दिवसापासून सहाव्या महिन्यापर्यंत

ठकी घरी आली तेव्हा जेमतेम ८ आठवड्यांची होती. नाशकात पाथर्डी फाट्याजवळच्या एका बांधकामावर गावठी कुत्रीला पिल्लं झाली होती, त्यातलं हे एक. इंदिरानगरातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तिला खाली ठेवलं आणि पहिल्या तासातच तिने तीन ठिकाणी शू केली. एकदा दारातल्या पायपुसण्यावर, एकदा हॉलमधल्या सतरंजीवर आणि एकदा सासूबाईंच्या पलंगाखाली. मी फडकं घेऊन तिच्यामागे फिरत होते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचं बालपण सटाण्याकडे, मळ्यातल्या वस्तीवर गेलेलं. त्या म्हणाल्या, "ताई, ती झोपली होती ना, ते गोणपाट बघा. त्यावर एक थेंब नाही."

खरंच नव्हता. पुढच्या चार महिन्यांत मी जे काही केलं त्याचं मूळ या वाक्यात आहे.

कुत्रं निजायच्या जागी घाण करत नाही, हे त्याच्या रक्तातच असतं. जन्मानंतर साधारण ३ आठवडे आईने चाटल्याशिवाय पिल्लाला शी-शू होतही नाही, आणि आई ते तिथल्या तिथे साफ करते. पायांत जोर आला की पिल्लं आपणहून अंथरुणापासून चार पावलं लांब जाऊन मोकळी व्हायला लागतात. म्हणजे आपल्याकडे येतं ते पिल्लू अर्धं शिकलेलंच असतं. फक्त त्याच्या लेखी घर म्हणजे ते दोन फुटांचं गोणपाट. त्यापलीकडचा हॉल, स्वयंपाकघर, देवघर हे सगळं त्याला मैदान वाटतं. आपल्याला त्याच्या मनातलं घर हळूहळू मोठं करत न्यायचं आहे. आधी गोणपाट, मग कोपरा, मग एक खोली आणि शेवटी सगळा फ्लॅट. पिल्लू मुद्दाम करतंय, सूड उगवतंय, हट्टी आहे, असं ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी हे आठवा.

पिल्लू येण्याआधी जागा ठरवा

शी-शूची जागा पिल्लाने निवडायच्या आत आपण निवडलेली असली पाहिजे. इथे पहिली अडचण लसीकरणाची येते. पिल्लाची पहिली लस ६ ते ८ आठवड्यांची असताना देतात, मग दर ३-४ आठवड्यांनी पुढचे डोस, आणि ही मालिका १६ आठवड्यांपर्यंत चालते. रेबीजची लस ३ महिन्यांच्या सुमारास. हे सगळं होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बागेत किंवा इतर कुत्री फिरतात अशा मोकळ्या जागेत खाली सोडू नका. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू आजारी कुत्र्याच्या शीतून मातीत उतरतो आणि तिथे कित्येक महिने, कधी वर्षभरही टिकतो. गोल्फ क्लबचं मैदान किंवा कृषिनगरचा जॉगिंग ट्रॅक कितीही स्वच्छ दिसला तरी लसी पूर्ण न झालेल्या पिल्लासाठी तो नाही. पार्व्होने पिल्लू दोन-तीन दिवसांत हातचं जातं, म्हणून यात सूट नाही.

मखमलाबाद किंवा गंगापूर रोडला बंगला असेल, कुंपण धड असेल आणि बाहेरची कुत्री आत येत नसतील, तर अंगणाचा एक कोपरा नक्की करा. तो कोपरा रोज तोच हवा. फ्लॅट असेल तर बाल्कनी, ड्राय बाल्कनी किंवा सोसायटीने परवानगी दिली तर गच्ची.

बरेच जण बाथरूम निवडतात, कारण धुवायला सोपं पडतं. मला ते पटत नाही. पिल्लू जागा जितकी नाकाने लक्षात ठेवतं तितकीच तळपायाने. बाथरूमच्या गुळगुळीत फरशीवर सवय लागली की त्याच्या पायांना हॉलची फरशीही तशीच लागते. वर्तमानपत्राचंही तेच. महिनाभर कागदावर शू करायला शिकवलंत तर सोफ्यावर पडलेला आजचा पेपरही त्याच्या हिशोबात त्याच कामाचा असतो, आणि पुढे बाहेर न्यायला लागल्यावर कागद सोडवायला निराळी मेहनत लागते. म्हणून शक्य असेल तिथे पहिल्या दिवसापासून माती किंवा गवत द्या. साधारण दोन बाय तीन फुटांचा, तीन-चार बोटं उंच काठाचा प्लास्टिकचा ट्रे घ्यायचा आणि त्यात नर्सरीतून आणलेला लॉनचा तुकडा ठेवायचा. नाशकात नर्सऱ्यांना तोटा नाही, लॉन चौरस फुटाच्या भावाने मिळतं. लॉन नसेल तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळलेली माती चालते. ट्रेखाली जाड प्लास्टिक घाला. शी लगेच उचला, माती दर आठवड्याला वरखाली करा आणि वास यायला लागला की बदला.

पहिल्या दिवशी एक करा. पिल्लाने घरात कुठे शू केली तर ती टिपलेला कागद ट्रेच्या मातीवर ठेवा. तिथे आपलाच वास आला की त्याला जागा कळते.

घड्याळ पिल्लाचं, धावपळ आपली

ढोबळ हिशोब असा: पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास ते दिवसा शू धरू शकतं. २ महिन्यांचं असेल तर ३ तास, ३ महिन्यांचं असेल तर ४. पण हा आकडा निवांत पडलेल्या पिल्लाचा आहे. जागं असलेलं, घरभर बागडणारं २ महिन्यांचं पिल्लू तासभरही धरत नाही. सुरुवातीला जागेपणी दर पाऊण तासाने न्यायची तयारी ठेवा. दिवसाला दहा-बारा फेऱ्या होतात, आणि पहिले पंधरा दिवस त्या कराव्याच लागतात.

घड्याळाशिवाय काही वेळा कधीच चुकवायच्या नाहीत. झोपेतून उठल्याबरोबर न्यायचं. "बरोबर" म्हणजे डोळे उघडल्यावर, चहा गाळून झाल्यावर नाही. खाल्ल्यावर ५ ते ३० मिनिटांत न्यायचं, कारण पोटात अन्न पडलं की आतडी हलायला लागतात आणि शी पुढे सरकते. खेळता खेळता, खेळ थांबल्यावर आणि भरपूर पाणी प्यायल्यावरही. आणि पाहुणे येऊन लाड झाल्यावर, कारण उत्साहात पिल्लाचा ताबा सुटतो.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून मला ठकीची लक्षणं ओळखू यायला लागली. खेळता खेळता ती एकदम गप्प व्हायची. तोंडातला मोजा गळून पडायचा आणि नाक फरशीला टेकायचं. मग ती सरळ रेषेत न चालता वेड्यावाकड्या वळणांनी हुंगत जायची, आणि एकाच जागी दोन गिरक्या झाल्या की मागचे पाय जवळ यायचे. गप्प होण्यापासून पाय जवळ येण्यापर्यंत जेमतेम आठ-दहा सेकंद. दुसऱ्या गिरकीला उचललं तर उशीर झालेला असतो, म्हणून नाक खाली गेलं की उठायचं. प्रत्येक पिल्लाची खूण थोडी वेगळी असते. काही दाराशी जाऊन बसतात, काही कुईकुई करतात, काही मुकाट्याने दुसऱ्या खोलीत जातात. आपल्या पिल्लाची खूण ओळखण्यासाठी आठवडाभर एका वहीत वेळ, शी की शू आणि त्याआधी ते काय करत होतं, इतकंच लिहा. वहीवरून त्याच्या पोटाचं वेळापत्रक स्वच्छ दिसतं. ठकीची दुसरी शी संध्याकाळी सात-सव्वासातला ठरलेली होती. वही नसती तर मला ते कधीच कळलं नसतं.

नजरेआड होऊ देऊ नका

माझ्या मते फसगत होते ती इथे. पिल्लाला पहिल्याच दिवशी सगळं घर मोकळं देतात, ते बेडरूमच्या कोपऱ्यात जातं, शी करून येतं, आणि कोणी बघितलेलंच नसतं. त्याला मात्र नवी जागा सापडलेली असते.

मोकळं असेल तेव्हा पिल्लू डोळ्यांसमोर हवं. मी हलका पट्टा लावून त्याचं दुसरं टोक कमरेला बांधायचे. भाजी निवडताना, लॅपटॉपवर काम करताना ती पायाशी असायची, आणि हुंगायला लागली की पट्ट्याला ओढ बसायची. लक्ष देणं शक्य नसेल तेव्हा तिला तिच्या छोट्या जागेत ठेवायचं. त्यासाठी पिंजरा वापरा किंवा दोन भिंतींच्या कोपऱ्याला फळी लावून कुंपण करा. सासूबाईंनी पिंजऱ्याला आधी जोरात नाही म्हटलं. "एवढ्याशा जिवाला कोंडून घालतेस होय गं?" मी म्हटलं, "आई, दार उघडं ठेवते, तुम्ही आठवडाभर बघा." आत तिचं गोणपाट आणि माझी जुनी ओढणी घातली, जेवण आतच द्यायला लागले, दार लावायची घाई केली नाही. चौथ्या दिवशी दुपारी ठकी आपणहून आत जाऊन झोपली. त्यानंतर तिला पिंजऱ्यात झोपवणं हे काम आईंनीच आपल्याकडे घेतलं.

पिंजरा एवढाच असावा की पिल्लाला उभं राहता येईल, वळता येईल आणि पाय ताणून झोपता येईल. फार मोठा असला तर ते एका टोकाला झोपतं आणि दुसऱ्या टोकाला शू करतं. मोठा घेतला असेल तर मध्ये पुठ्ठा लावून जागा कमी करा. वर दिलेल्या तासांपेक्षा जास्त वेळ आत ठेवू नका आणि रागावून तर कधीच आत टाकू नका.

एक गोष्ट लक्षात घ्या. काही पिल्लं आधीच्या जागी अरुंद पिंजऱ्यात, स्वतःच्याच घाणीत दिवस काढून आलेली असतात. अंथरूण स्वच्छ ठेवायची त्यांची उपजत सवय मोडलेली असते. अशा पिल्लाला पिंजऱ्याचा उपयोग होत नाही. त्याला जास्त फेऱ्या, जास्त मोकळी जागा आणि दुप्पट वेळ द्या. पॉमेरेनियन, शिह त्झू यांसारख्या लहान जातींनाही वेळ लागतो, त्यांचं मूत्राशयच छोटं असतं.

जागेवर नेल्यावर काय करायचं

पिल्लाला उचलून न्या. चालत नेलं तर वाटेतच काम होतं, कडेवर असताना ते सहसा शू करत नाही. ट्रेवर ठेवा आणि शांत उभे राहा. बोलू नका, खेळू नका, मोबाइल बघू नका. ते बसलं की एकच शब्द हळू आवाजात म्हणा. आमच्याकडे आई "शी-शी कर" म्हणायच्या, मुलगा "सू सू", नवरा "चल, उरक", आणि ठकी गोंधळून सगळ्यांच्या तोंडाकडे बघायची. मग फ्रिजवर कागद लावला: फक्त "शू कर". तीन आठवड्यांत तो शब्द ऐकून ती ट्रेवर हुंगायला लागली. पुढे पावसात भिजत उभं राहायची वेळ येते तेव्हा या शब्दाचं मोल कळतं.

पाच मिनिटांत काही झालं नाही तर परत आणा, पण मोकळं सोडू नका. पट्टा कमरेला बांधा किंवा पिंजऱ्यात ठेवा आणि दहा मिनिटांनी पुन्हा न्या. "केली नाही म्हणजे नसेल आली" असं समजून सोडलं की ते हॉलमध्ये करतं.

झालं की तिथेच, त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊ द्या. खाऊ खिशात असायला हवा. स्वयंपाकघरात येऊन डबा उघडेपर्यंत पिल्लाच्या मनात शू आणि खाऊ यांचा संबंध तुटलेला असतो. त्याला वाटतं, खाऊ स्वयंपाकघरात आल्याबद्दल मिळाला. उकडलेल्या चिकनचा, पनीरचा किंवा उकडलेल्या अंड्याचा हरभऱ्याएवढा तुकडा पुरे.

खाऊचा विषय निघालाच आहे तर नाशिककरांना कळकळीने सांगायचंय: द्राक्ष देऊ नका. जानेवारी ते एप्रिल आपल्याकडे घराघरात द्राक्षांच्या पेट्या असतात, ओळखीच्यांच्या बागेतून येतात, मुलं खाता खाता एखादं पिल्लापुढे टाकतात. द्राक्ष आणि बेदाणे, दोन्हींनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. त्यातलं टार्टारिक आम्ल याला कारणीभूत असावं असं आता मानतात. किती खाल्ल्यावर त्रास होईल हे प्रत्येक कुत्र्यागणिक वेगळं असतं, त्यामुळे "एक-दोनाने काय होतंय" असं म्हणता येत नाही. चुकून खाल्लं तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून रविवारच्या मिसळीतलं काहीही नको. चॉकलेटही नाही.

खाणंपिणं वेळेवर, तर शी वेळेवर

३ महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, ६ महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि मग दोन वेळा खायला द्या. भांडं १५-२० मिनिटांनी उचला. दिवसभर भांडं भरलेलं ठेवलं तर शीची वेळ कधीच बसत नाही.

दूध-पोळीबद्दल थोडं स्पष्ट बोलते, कारण आपल्याकडे पिल्लू म्हटलं की पहिली वाटी दुधाचीच भरली जाते. गाई-म्हशीच्या दुधातली साखर बऱ्याच पिल्लांना पचत नाही. पोट बिघडतं, आणि पातळ शी कोणतंही पिल्लू धरून ठेवू शकत नाही. आम्ही पहिले चार दिवस प्रेमाने दूध पाजलं आणि रोज पहाटे फरशी धुतली. दूध बंद केल्यावर दोन दिवसांत शी घट्ट झाली. जंतांमुळेही असंच होतं. शीत पांढऱ्या शेवयांसारखं काही दिसलं तर डॉक्टरांना सांगा. जंताचं औषध लहानपणी ठरावीक अंतराने द्यावंच लागतं, वजनाप्रमाणे मात्रा डॉक्टर ठरवतील.

पाणी दिवसा कधीही तोडू नका, एप्रिल-मे महिन्यात तर नाहीच. फक्त झोपण्याआधी दीड-दोन तास भांडं उचलून ठेवा. उन्हाळ्यात घसा ओला होईल इतकं दोन घोट द्या.

रात्र

झोपायच्या अगदी आधी एक फेरी. गजर लावून मध्यरात्री दुसरी. २ महिन्यांच्या पिल्लाला रात्रीत एकदा तरी, कधी दोनदा उठवावं लागतं. झोपेत शू धरण्याची ताकद दिवसापेक्षा जास्त असते, त्यामुळे ४ महिन्यांच्या आसपास बरीच पिल्लं सलग सहा-सात तास झोपतात.

पिंजरा पहिले काही आठवडे आपल्या पलंगाशेजारी ठेवा. पिल्लू चुळबुळ करायला लागलं की ऐकू येतं, आणि आईपासून नुकतंच तुटलेलं ते रात्री एकटं पडत नाही. ठकी आमच्याकडे डिसेंबरात आली. पहाटे तीनला शाल गुंडाळून बाल्कनीत उभं राहायचं आणि तिने त्या गार मातीवर पाय उचलत उचलत जागा शोधायची. रात्रीच्या फेरीत दिवा मंद ठेवा, लाड करू नका, काम झालं की हळूच शाबासकी देऊन परत झोपवा. एकदा खेळायला घेतलंत की रोज त्या वेळेला खेळण्यासाठी हाक येते. दर चार-पाच दिवसांनी गजर अर्धा तास पुढे सरकवत न्या.

चूक झाली तर

करताना सापडलं तर ओरडू नका. हलकी टाळी वाजवली किंवा "ए ठके" म्हटलं की पिल्लू क्षणभर थांबतं. तेवढ्यात उचलून जागेवर न्या, उरलेली शू तिथे झाली तर शाबासकी द्या. नंतर सापडलं तर काहीही बोलू नका, पुसून टाका. पिल्लाला ओढत नेऊन त्याचं नाक शूत घासायचं, वर चापट द्यायची, ही जुनी पद्धत अजून कितीतरी घरांत आहे. त्याने पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग ते पलंगाखाली, पडद्यामागे जाऊन करतं, आणि आपण पट्टा धरून जागेवर उभे असलो तरी करत नाही. म्हणजे आपण शिकवायची वाटच बंद करून घेतो.

"पण त्याला कळतं हो, बघा कसं तोंड करतं!" हे मी आमच्या जिन्यात किती वेळा ऐकलं असेल. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेने २००९ साली याचाच प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्याने खरोखर चूक केली होती की नव्हती याच्याशी त्या "अपराधी" चेहऱ्याचा संबंध नव्हता, मालक रागावले की तो चेहरा दिसत होता. कान पाडणं, नजर चुकवणं ही आपल्या रागाची भीती असते.

पुसण्याची पद्धत महत्त्वाची, कारण आपल्याला न येणारा वास पिल्लाला येतो आणि तो त्याला पुन्हा तिथेच बोलावतो. आधी जुन्या फडक्याने दाबून टिपा, घासून पसरवू नका. मग पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एंझाइमचं क्लीनर टाकून बाटलीवर लिहिलंय तितका वेळ राहू द्या. ते नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन दहा मिनिटं ठेवा आणि पुसा. मात्र हे फक्त व्हिट्रिफाइड किंवा सिरॅमिक टाइल्सवर. संगमरवर, कडप्पा, शहाबादी आणि जुन्या मोझॅक लाद्यांवर व्हिनेगरने डाग पडतात, तिथे एंझाइमचंच वापरा.

काळं फिनेल घरातून काढून टाका. त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं कुत्र्याला विषारी असतात, आणि पिल्लू फरशीवरून चालून पंजे चाटतं. अमोनियाच्या क्लीनरला तर शूसारखाच वास असतो, त्याने पिल्लाला आमंत्रणच जातं. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनिया कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. मावशींना फिनेलशिवाय पुसणं आधी अपुरं वाटायचं. "वास नाही आला तर स्वच्छ झालं कसं म्हणायचं, ताई?" मग एका रात्री नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची बॅटरी आणली, दिवे बंद केले आणि दोघींनी मिळून हॉल बघितला. सोफ्याच्या पायाशी आणि टीव्हीच्या कपाटाखाली सुकलेल्या शूचे फिकट डाग चमकत होते. तिथे तर रोज फिनेलने पुसलं जात होतं. त्या दिवसापासून मावशींनीच बाटली बदलली.

आणि पायपुसणी, सतरंज्या, बाथरूमसमोरचे मऊ तुकडे दोन-तीन महिने गुंडाळून ठेवा. मऊ आणि पाणी शोषणारं काही पायाला लागलं की पिल्लाला ते मातीसारखंच वाटतं.

घरात दिवसभर कोणी नसेल तर

सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये काम करणारी जोडपी मला हे नेहमी विचारतात. ८ आठवड्यांचं पिल्लू आठ-नऊ तास एकटं ठेवून ही सवय लागत नाही. दुपारी कोणीतरी एक-दोनदा यायलाच हवं: शेजारच्या काकू, कामाच्या मावशी, कॉलेजात जाणारा भाचा. दोघांच्या शिफ्ट वेगळ्या असतील तर तेच उत्तम. नसेल जमत तर पिंजरा वापरू नका, एका खोलीत किंवा बाल्कनीला लागून कुंपण करा. एका टोकाला अंथरूण आणि पाणी, दुसऱ्या टोकाला मातीचा ट्रे. याला वेळ जास्त लागतो, पण होतं. पहिले दहा-बारा दिवस तरी दोघांपैकी एकाने रजा काढावी असं मी आग्रहाने सांगेन.

बाहेर काढल्यावर

लसी पूर्ण झाल्या आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की ट्रेवरून बाहेर. ट्रेमधली थोडी माती बरोबर न्या आणि सोसायटीमागच्या ठरलेल्या कोपऱ्यात टाका. ठकीला तो कोपरा आपला वाटायला तीन दिवस लागले. पहिले काही दिवस पिल्लू बाहेर अर्धा तास फिरतं आणि घरात आल्या आल्या शू करतं, कारण बाहेरच्या वासांत ते विसरूनच जातं. म्हणून आधी ठरलेल्या जागी उभं राहायचं, काम झालं की फिरायला न्यायचं. शू झाली की लगेच घरी वळलात तर पिल्लू लवकरच ओळखतं की शू केली की मजा संपते, आणि मग ते मुद्दाम धरून ठेवतं.

शी उचलण्यासाठी कागद किंवा पिशवी खिशात ठेवा. कुत्र्याच्या शीतल्या जंतांची अंडी मातीत राहतात आणि तिथे खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जाऊ शकतात. गोदाकाठी फिरायला नेत असाल तर घाटावर लोक स्नानाला येतात हे ध्यानात ठेवा.

जुलै-ऑगस्टमध्ये ओल्या गवताला पाय लावायला पिल्लं तयार नसतात. पार्किंगच्या छपराला लागून असलेली जागा आधीच हेरून ठेवा आणि घरातला ट्रे पावसाळा संपेपर्यंत काढू नका. साचलेल्या पाण्यातून नेऊ नका. त्यात मिसळलेल्या उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा आजार पसरतो. दिवाळीत फटाके सुरू व्हायच्या आत, पाच-साडेपाचलाच फेरी उरका. आवाजाने घाबरलेलं पिल्लू बाहेर शू करत नाही, आणि त्या चार दिवसांत घरात झाली तर ती चूक धरू नका.

जमलेलं पुन्हा बिघडलं तर

सलग चार आठवडे घरात एकही चूक नाही, तेव्हा एक खोली वाढवा. चूक झाली की एक पाऊल मागे या. बरीच पिल्लं ४ ते ६ महिन्यांत भरवशाची होतात, काहींना वर्ष लागतं.

६ महिन्यांच्या पुढे नर पिल्लू पाय वर करून खुर्चीच्या पायावर दोन थेंब टाकायला लागलं तर ती वयात येण्याची खूण आहे, नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोला. कोणी वाकून डोक्यावरून हात फिरवला की पोट दाखवत शू करणाऱ्या पिल्लाला रागावलात तर ते वाढतं. खाली बसून, बाजूने, हळू आवाजात भेटा. बहुतेक पिल्लं मोठी होता होता हे सोडतात.

नीट शिकलेलं पिल्लू अचानक वारंवार थेंब थेंब शू करायला लागलं, कुंथायला लागलं किंवा शूत रक्त दिसलं तर मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो, डॉक्टरांकडे न्या. उलट्या, रक्त पडणारी आणि दुर्गंधी येणारी पातळ शी आणि मलूल पडून राहणं ही पार्व्होची लक्षणं आहेत, त्यात रात्र उजाडायची वाट बघू नका.

ठकी ५ महिन्यांची असताना, घरात महिनाभर एकही चूक नसताना, आम्ही तिला घेऊन पंचवटीत माझ्या माहेरी गेलो. जुना वाडा, लाकडी जिना, माजघर. आत शिरल्यावर पाचव्या मिनिटाला ती माजघराच्या कोपऱ्यात बसली. आईने माझ्याकडे बघितलं. मी कागदाने शू टिपली, तो कागद परसातल्या तुळशीवृंदावनापासून लांबच्या मातीत ठेवला आणि पट्टा कमरेला बांधला. हा वाडा अजून तिचं घर नव्हता. दर तासाला परसात, एकच शब्द, खिशात पनीर. संध्याकाळी ती माजघरातून उठून परसाच्या दाराशी जाऊन उभी राहिली आणि आईनेच कडी काढली.